पिटिशन चालू असताना नवऱ्याला भेटायला जाता येईल का?

प्रश्न : लग्नाला अकरा महिने झाले. हे अमेरिकेचे नागरिक आहेत, न्यू जर्सीत नोकरी करतात. लग्नानंतर तीन आठवड्यांनी परत गेले, तेव्हापासून भेट नाही. यांनी माझ्यासाठी आय-130 पिटिशन (बायकोला कायमचं तिकडे नेण्यासाठीचा पहिला अर्ज) भरून सात महिने झाले, अजून मंजुरी आलेली नाही. मी तासगाव तालुक्यात अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. मे महिन्याच्या सुट्टीत पर्यटक व्हिसावर पाच-सहा आठवडे जाऊन यावं असं दोघांनाही वाटतं. सांगलीतले एक एजंट म्हणतात, फॉर्ममध्ये पिटिशनचा उल्लेखच करू नका, व्हिसा मिळणार नाही. दुसरे म्हणतात, एकदा पोचलात की तिकडेच ग्रीन कार्डचे कागद भरा, परत येऊ नका. सासूबाई म्हणतात, जाऊच नकोस, असलेली केस बिघडेल. कोणाचं ऐकू? — एक वाचक, तासगाव

उत्तर :

ताई, आधी सासूबाईंची काळजी दूर करू. भेटायला गेल्याने पिटिशन बिघडत नाही. पर्यटक व्हिसा नाकारला गेला तरीही बिघडत नाही. आय-130 मध्ये तपासतात ते एवढंच की तुमचं लग्न खरं आहे का आणि तुमचे यजमान खरोखर नागरिक आहेत का. केस बिघडते ती खोटं लिहिल्याने किंवा खोटं बोलल्याने, आणि दोन्ही एजंट तुम्हाला नेमकं तेच करायला सांगत आहेत.

आधी पहिल्या एजंटाचा सल्ला तपासून पाहू. पर्यटक व्हिसाच्या डीएस-160 फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो, तुमच्या नावाने कोणी इमिग्रंट पिटिशन भरलं आहे का? तुम्ही 'नाही' लिहिलंत, तर जाणूनबुजून महत्त्वाची माहिती लपवली असा शिक्का बसू शकतो. तो बसला की अमेरिकेचा कोणताही व्हिसा, पुढचा इमिग्रंट (कायम राहायला जाण्याचा) व्हिसासुद्धा, आयुष्यभरासाठी अडतो. त्यातून सुटका म्हणजे माफीचा अर्ज. त्यात तुमच्याविना यजमानांना असह्य हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावं लागतं, आणि तो अर्ज मंजूर होईलच असं नसतं. लपेल या भरवशावरही राहू नका. तुमचं नाव आणि जन्मतारीख पिटिशनवर आहे, तीच व्हिसा अर्जावर येणार. पाच-सहा आठवड्यांच्या भेटीसाठी अख्खा संसार डावावर लावायला सांगणाऱ्या माणसाच्या ऑफिसात पुन्हा पाय ठेवू नका.

दुसऱ्याचा सल्ला जास्त फसवा आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. नागरिकाची बायको रीतसर तपासणी होऊन देशात आली असेल, तर तिथल्या तिथे आय-485 भरून ग्रीन कार्ड मागू शकते, हे खरं. पण पर्यटक व्हिसावर येताना राहण्याचाच विचार मनात असेल, तर तो व्हिसाचा गैरवापर. प्रवेशानंतर 90 दिवसांच्या आत सांगितलेल्या हेतूच्या उलट वागलं तर आधीपासून खोटं बोलला होतात असं वकिलातीचे अधिकारी गृहीत धरू शकतात, आणि 91 व्या दिवशी भरलं म्हणून सगळं धुऊन निघतं असंही नाही. कोणी खरोखर भेटीला गेलं आणि तिथे परिस्थिती बदलली, तर गोष्ट वेगळी. तुम्ही आधीच ठरवून जाणार असाल तर ती सूट तुमच्यासाठी नाही. शिवाय खर्च पाहा. आय-485 चं शुल्क 1,440 डॉलर. कामाचा परवाना येईपर्यंत कमवता येत नाही. आणि प्रवासाची आगाऊ परवानगी हातात नसताना देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. इकडे आई आजारी पडली तरी निघता येत नाही. शाळेतली नोकरी तर जातेच.

म्हणजे मार्ग एकच. सगळं खरं सांगून भेटीचा व्हिसा मागायचा, ठरलेल्या दिवशी परत यायचं आणि इमिग्रंट व्हिसाची मुलाखत मुंबईतच द्यायची.

आता तो मिळेल का? अमेरिकेच्या कायद्यातलं 214(ब) कलम प्रत्येक पर्यटकाला 'हा कायमचा राहायला निघाला आहे' असं मानूनच सुरुवात करतं. उलट सिद्ध करणं अर्जदाराचं काम. पिटिशन भरलेलं असताना ते आणखी अवघड होतं, कारण कायम राहायची इच्छा तुम्ही कागदावर दिलेलीच आहे. तरी चालू पिटिशन म्हणजे आपोआप नकार, असा नियम नाही. अधिकारी एवढंच ठरवतो की *या खेपेला* ही बाई परत येईल का.

तुमची बाजू अनेकींपेक्षा बरी आहे. शाळा 15 जूनच्या आसपास उघडते, तुमची हजेरी ठरलेली आहे, पगार शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीतून येतो. ही परत येण्याची ठोस कारणं आहेत. संस्थेकडून आणि मुख्याध्यापकांकडून परदेश प्रवासाचं ना-हरकत पत्र लेखी घ्या. सुट्टी आहे म्हणून परवानगीची गरज नाही असं समजू नका. पत्रात नोकरी लागल्याची तारीख, पद, सुट्टीचा कालावधी आणि हजर होण्याची तारीख हवी. सोबत वैयक्तिक मान्यतेचं पत्र, सहा महिन्यांच्या पगारपत्रका आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचा उतारा ठेवा.

सासऱ्यांच्या नावचा सातबारा, द्राक्षबागेचा नकाशा, सोन्याचं मूल्यांकन, सीएकडून करून घेतलेलं कुटुंबाच्या मालमत्तेचं जाडजूड पत्रक, यावर पैसे घालवू नका. ती मालमत्ता तुमची नाही आणि ती तुम्हाला जूनमध्ये परत आणत नाही. बहुतेक मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकतात. फाइल उघडायलाही सांगत नाहीत, उत्तरं ऐकतात.

फॉर्म स्वतः भरा. एजंटाने भरला तरी जबाबदारी तुमचीच राहते. 'विवाहित' लिहा, नवऱ्याचा अमेरिकेतला पत्ता लिहा, अमेरिकेत जवळचे नातेवाईक आहेत का याला 'होय' म्हणा, नवरा नागरिक असल्याचं नमूद करा. पिटिशनच्या प्रश्नाला 'होय', आणि खालच्या चौकटीत दोन ओळी इंग्रजीत : पतीने अमुक तारखेला आय-130 भरला आहे, तो प्रलंबित आहे, ही फक्त भेट असून मी परत येऊन मुंबईत इमिग्रंट व्हिसाची प्रक्रिया पूर्ण करणार आहे. पिटिशनची पावती समोर ठेवून तारीख उतरवा. गेल्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांची खातीही विचारतात, तीही खरी द्या.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो नावात. माहेरी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. काही घरांत लग्नात नवरीचं पहिलं नावही बदलतात. मग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, लग्नपत्रिकेवर तिसरं आणि पासपोर्टवर चौथं. अमेरिकेच्या फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणेच अक्षरन् अक्षर टाका, आणि 'पूर्वी वापरलेली इतर नावे' या जागी बाकी सगळी लिहा, बारशाचं असो की लग्नातलं. यजमानांनी आय-130 मध्ये कोणती नावं दिली आहेत ते त्यांच्याकडून प्रत मागवून पडताळा. दोन्हीकडे यादी जुळली पाहिजे. पासपोर्ट अजून माहेरच्या नावावर असेल तर तो बदलण्याची घाई मुलाखतीच्या तोंडावर करू नका. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवरही व्हिसा मिळतो, फक्त लग्नाचा दाखला जवळ हवा. दाखला ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा मराठीत असेल, तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. भाषांतरकाराने आपण दोन्ही भाषा जाणतो आणि भाषांतर अचूक आहे असं लिहून सही केलेली असावी. हे काम पुढे इमिग्रंट व्हिसालाही उपयोगी पडेल.

अर्जाचं शुल्क 185 डॉलर. नाकारलं तरी परत मिळत नाही. पावती वर्षभर चालते, त्या मुदतीत तारीख घ्यावी लागते. 2025 च्या कायद्यात व्हिसा मंजूर झाल्यावर घ्यायच्या आणखी 250 डॉलरची तरतूद आहे, तेवढे बाजूला ठेवून हिशेब करा. पैसे भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर आकडा बघून घ्या. तारीख मिळवताना डीएस-160 च्या ज्या क्रमांकाने नोंद केली, तोच फॉर्म मुलाखतीला चालतो. मध्येच चूक दुरुस्त करून नवा फॉर्म भरलात, तर नोंदीतही नवा क्रमांक टाका, नाहीतर दारातून परत पाठवतात.

मुंबईला दोनदा काम असतं. एकदा बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. शक्यतो लागोपाठच्या दिवशी तारखा घ्या. मिरज-सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी पोचते, पण त्याच सकाळची मुलाखत असेल तर त्या गाडीवर विसंबू नका. गाडी तासभर रखडली की सगळं हुकतं. आदल्या दिवशीच जा. वकिलातीत मोबाइल, स्मार्ट घड्याळ, मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. कागद पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा आणि फोन सोबत आलेल्या माणसाकडे द्या. मराठीत बोलणं सोपं जात असेल तर खिडकीवर तसं सांगा. मोडक्या इंग्रजीत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा मराठीत पूर्ण उत्तर द्या.

प्रश्न साधारण ठरलेले. कशाला जाता? नवऱ्याला भेटायला. किती दिवस? पाच आठवडे, अमुक तारखेला परत. पिटिशन भरलं आहे ना, मग थांबत का नाही? इथे अडखळू नका, पाठ केल्यासारखंही बोलू नका. खरं आहे तेच सांगा : लग्नानंतर तीन आठवड्यांनी ते गेले तेव्हापासून भेट नाही, शाळेला मेमध्येच सुट्टी आहे, 15 जूनला हजर व्हायचं आहे, आणि कायमचं जायचं ते इमिग्रंट व्हिसा मिळाल्यावरच. परत आला नाहीत तर? सरळ मार्ग उघडा असताना तो बिघडवून माझा काय फायदा, असं म्हणा. हे उत्तर सगळ्यांत वजनदार ठरतं, कारण ते अधिकाऱ्यालाही पटण्यासारखं आहे.

नाकारलं तर 214(ब) चा कागद हातात देतात. त्यावर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पण परिस्थितीत काही बदललं नसेल तर पुन्हा पैसे घालू नका. पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये, इमिग्रंट व्हिसाच्या डीएस-260 मध्येसुद्धा, हा नकार लिहावा लागेल. तो लिहिल्याने नुकसान नाही. इमिग्रंट व्हिसाला 'मी परत येईन' हे सिद्ध करायचंच नसतं.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. विमानतळावरचा अधिकारी पुन्हा तेच विचारू शकतो, वेगळ्या खोलीत बसवू शकतो, फोन बघू शकतो. उत्तरं मुंबईत दिली तीच द्या. अबू धाबीमार्गे जाणार असाल तर अमेरिकेची ही तपासणी अबू धाबीतच होते. तिथे अडवलं तर तिथूनच परत यावं लागतं. हातातल्या पिशवीत परतीचं तिकीट, शाळेचं पत्र, यजमानांचा पत्ता-फोन आणि पिटिशनची पावती छापील ठेवा, कारण तपासणीत फोन काढून घेतला जाऊ शकतो.

सामानाकडे नीट लक्ष द्या. पाच आठवड्यांच्या पाहुण्याचं सामान पाच आठवड्यांचंच दिसलं पाहिजे. पदव्यांची मूळ प्रमाणपत्रं, सेवापुस्तकाच्या प्रती, लग्नातले सगळे दागिने, वर्षभराचं तिखट-मसाला, पातेल्यांचा संच घेऊन निघालात, तर बॅग उघडताच 'ही राहायला आली' असं वाटतं. हौस समजण्यासारखी आहे, पण संसाराची भांडी ग्रीन कार्डाच्या खेपेला न्या. हळद, बेदाणे, लोणचं, पेढे, जे काही खाण्याचं असेल ते विचारतील तेव्हा जाहीर करा. ताजी फळं, बी-बियाणं नेऊ नका. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो आणि नोंद राहते. फोनवर यजमानांना थट्टेने 'आता येतच नाही परत' असा संदेश पाठवला असेल, तर तो अधिकाऱ्याला थट्टा वाटेलच असं नाही. मेसेज पुसण्यापेक्षा असं न लिहिणं बरं.

आत गेल्यावर दुसऱ्या दिवशी आय-94 ची, म्हणजे तुमच्या प्रवेशाची, नोंद अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर उघडून बघा. त्यावरची शेवटची तारीख म्हणजे तुमची कायदेशीर मुदत; व्हिसावरची दहा वर्षं म्हणजे राहण्याची मुदत नव्हे. बहुधा सहा महिने मिळतात. ते मिळाले म्हणून सहा महिने राहू नका. मुंबईत पाच आठवडे म्हणालात, तर पाचच राहा. मुदत उलटून राहिलात तर व्हिसा रद्द होतो. मुदतीपलीकडे 180 दिवसांहून जास्त राहून देश सोडलात तर तीन वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त राहून सोडलात तर दहा वर्षं परतीला बंदी. तिथे असताना पगारी काम नाही, ओळखीच्या किराणा दुकानात 'थोडी मदत' करून पैसे घेणंही नाही. प्रवासाचा आरोग्य विमा निघण्यापूर्वी काढा आणि जुन्या आजारांबद्दल त्यात काय लिहिलं आहे ते वाचा. तिथलं साधं इमर्जन्सीचं बिलही शिक्षकाच्या पगाराला पेलणारं नसतं.

भेटीने पिटिशनचं काम थांबत नाही. मंजुरी आल्यावर केस अमेरिकेच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तिथे 325 आणि 120 डॉलर असे दोन शुल्क, डीएस-260, यजमानांचं आय-864 हमीपत्र आणि तुमचे दाखले. सगळे कागद पूर्ण झाल्याचं कळल्यानंतर मात्र भेटीचा बेत आखू नका. मग मुंबईची तारीख कधीही येऊ शकते, आणि वैद्यकीय तपासणी भारतात नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून मिळणाराच घ्या; सांगली-साताऱ्याचे अर्ज पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. तो दोन वर्षं चालतो, त्यामुळे सुट्टीतून परतल्यावर निवांत काढा.

कोणी के-3 व्हिसा (पिटिशन चालू असताना नागरिकाच्या जोडीदाराला तिकडे जाण्यासाठीचा) सुचवेल. कागदावर तो आहे, पण आय-130 मंजूर झालं की त्याला अर्थ उरत नाही आणि प्रत्यक्षात तो जवळजवळ कोणालाच मिळत नाही. त्यामागे लागू नका. ज्या वाचक भगिनींचे यजमान नागरिक नसून ग्रीन कार्डधारक आहेत, त्यांनी वरचं सगळं आणखी कडकपणे पाळावं. त्यांना व्हिसा बुलेटिनच्या (अमेरिकी सरकार दर महिन्याला जाहीर करतं त्या प्रतीक्षायादीच्या) रांगेत उभं राहावं लागतं, आणि मुदत उलटून राहिल्यावर तिकडेच कागद भरण्याची सूट त्यांना नाही.

आता आमचं स्पष्ट मत. पहिल्यांदा पर्यटक व्हिसा मागणाऱ्यांना मुंबईत मुलाखतीची तारीख मिळायला महिने जातात. आज बघा. तारीख एप्रिल संपायच्या आत मिळत असेल, तर जरूर अर्ज करा. तुमची नोकरी कायम आहे, तुमचं कारण खरं आहे. तारीख जूनच्या पुढे जात असेल तर 185 डॉलर खर्चू नका. त्या पैशात यजमानांच्या तिकिटाला हातभार लावा आणि त्यांना मेमध्ये तीन आठवडे इकडे येऊ द्या. त्यांच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड नसेल तर ई-व्हिसावर येता येतं. रजा कमी असेल तर अर्ध्या वाटेवर भेटा. नेपाळला तुम्हाला व्हिसाच लागत नाही आणि त्यांना तिथे पोचल्यावर मिळतो. दुबईला त्यांना पोचल्यावर मिळतो, तुम्हाला आधी काढावा लागतो. अशा प्रत्येक भेटीची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, दोघांचे एकत्र फोटो जपून ठेवा. लग्न खरं असल्याचा तो पुरावा मुंबईच्या मुलाखतीत लग्नपत्रिकेपेक्षा जास्त बोलतो.

आणि अमेरिकेला गेलातच, तर परतीचा बोर्डिंग पास फेकू नका. घरी आल्यावर आठवडाभराने आय-94 च्या त्याच संकेतस्थळावर प्रवासाचा इतिहास उघडा आणि देश सोडल्याची तारीख पडली आहे का बघा. नसेल, तर बोर्डिंग पास, पासपोर्टवरचा मुंबईचा आगमनाचा शिक्का आणि जूनच्या हजेरीपटाची मुख्याध्यापकांनी सही केलेली प्रत एका पाकिटात घाला आणि ते पाकीट इमिग्रंट व्हिसाच्या फाइलमध्ये ठेवा.